स्टिअरिंगवरच्या खडूच्या खुणा

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. माल बिघडून आला की आधी मशीन तपासायचं, मग मोजायचं साधन तपासायचं आणि सगळ्यात शेवटी माणूस. म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या त्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं तपासणी खात्यात आहे आणि नव्यानं आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हा नियम ऐकवते. इतक्यांदा ऐकवलाय की पोरं माझ्यामागे माझ्याच आवाजात तो म्हणून दाखवतात. आणि याच मी, घरी, माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईला गाडीकडे ढुंकूनही न बघता दोषी ठरवून मोकळी झाले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आईची गाडी म्हणजे एक छोटी राखाडी गाडी. आई हुणसूरच्या हायस्कुलात बावीस वर्षं गणित शिकवायची आणि म्हैसूरहून रोज सरकारी बसनं जायची-यायची. त्यातली निम्मी वर्षं तरी तिनं उभ्यानं काढली असतील. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा तिनं स्वतःच्या पैशानं ही गाडी घेतली, छप्पन्नाव्या वर्षी चालवायला शिकली आणि शेवटची दोन वर्षं बसून कामाला गेली. पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही, काचा हातानं खाली करायच्या. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी ती त्याच शाळेत जाते, दहावीच्या मुलांना फुकट गणित शिकवायला. जाताना दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं लागतात, ती मला कधी कधी फोन करून सांगायची, आज पानं केवढी झालीत. अर्थात गाडी बाजूला लावून. या बाबतीत ती माझ्यापेक्षा कडक आहे.

उगादीपासून, म्हणजे पाडव्यापासून, ती म्हणत होती, "स्टिअरिंग मधेच अडकतं गं. वळवलं की परत येत नाही. तू स्वल्प चालवून बघ ना." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली. मी स्कूटरवाली. लायसन्स आहे, पण गाडी चालवायची म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या. "रविवारी बघू," असं मी तिन्ही वेळा म्हणाले. ते रविवार आले आणि गेले.

गौरी-गणपतीला अण्णा बंगळूरहून आला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. माणूस मायेचा, पण एकदा ठरवलं की ठरवलं. तो आईशेजारी बसून बाजारात गेला आणि येताना त्यानं फोनवर तिच्या हातांचा व्हिडिओ काढला. सरळ रस्ता होता, तरी हात थांबत नव्हते. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, परत डावीकडे. सारखे. घरच्या ग्रुपवर त्यानं तो टाकला आणि खाली लिहिलं, "आईचे हात बघा. आता पुरे." त्याच्याखाली मी लिहिलं, "हो, खरंय."

त्या ग्रुपवर आईही आहे.

तिनं ग्रुपवर काही लिहिलं नाही. अण्णाला तोंडावर एवढंच म्हणाली की थरथर माझी नाही, गाडीची आहे. त्यावर अण्णा हसून म्हणाला, "आई, नाचता येईना अंगण वाकडं." दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली देवघरात, गंधाच्या खोडाशेजारी ठेवलेली दिसली. अण्णानं बंगळूरला परतल्यावर एक गिऱ्हाईक बघितलं. दसरा झाला की तो गाडी न्यायला येणार होता. आईच्या हातांसाठी डॉक्टरची वेळही घेऊन ठेवली. सगळं कसं मार्गी लागलं.

त्यानंतर दर गुरुवारी आई बसनं जायला लागली. दसऱ्याच्या थोडं आधी, अशाच एका गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा ती पाय वर घेऊन बसली होती आणि पावलं सुजलेली होती. मला बघून उठली आणि कॉफी करायला गेली. आमच्याकडे कॉफी अजून जुन्या पद्धतीनंच होते: फिल्टरची, आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी उंचावरून ओतून फेसाळलेली. आईनं एक हात खांद्याच्या वर नेला, दुसरा कमरेपाशी ठेवला आणि कॉफी ओतली. हातभर लांब धार होती. एक थेंब बाहेर पडला नाही. तिनं परत ओतली. परत एक थेंब नाही.

मी दारातच उभी राहिले. माझ्या डोक्यात काहीतरी फटकन पेटलं. थरथरणाऱ्या हातानं हे होत नाही. मी एकोणीस वर्षं माणसांचे हात बघतेय, कुठला हात थकलाय आणि कुठला घाबरलाय ते मला दुरून कळतं. आणि स्वतःच्या आईचे हात मी फोनच्या पडद्यावर बघून निकाल दिला होता. मशीन तपासलंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही माझ्या सहीनं.

"आई," मी म्हणाले, "शनिवारी सुट्टी आहे मला. गाडी काढ. गॅरेजला जाऊ."

"आता सुचलं होय?"

"आता सुचलं."

तिनं पेला माझ्या हातात दिला आणि समोर बसली. वर्गात पेपर वाटण्याआधी बसत असेल तशी. "एक सांगते. डॉक्टर काय म्हणतो ते मी ऐकेन. गाडीत काही सापडलं नाही तर किल्ली अण्णाच्या हातात देईन आणि परत गाडीचं नाव काढणार नाही. तूही काढायचं नाहीस. मला खोटी आशा बेडा, नकोच. आयता?"

"आयतु," मी म्हणाले. कबूल केलं खरं, पण शनिवारपर्यंतचा एक दिवस मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी गत झाली होती. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी स्टिअरिंगच्या रचनेवर जे मिळेल ते वाचून काढलं.

गॅरेज आमच्या कारखान्यापासून फार लांब नाही, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच. आयुधपूजा आठवड्यावर आलेली, त्यामुळे गाड्यांची ही रांग. महाराष्ट्रातून आलेले माझे सहकारी तिला खंडेनवमी म्हणतात आणि घरात शस्त्रं-पुस्तकं पुजतात. पण म्हैसुरात त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत चाकं असलेली एकही वस्तू पूजेवाचून सुटत नाही, आणि पूजेआधी सगळ्यांनाच गाडी ठाकठीक हवी असते. गॅरेजवाला साठीचा, कमी बोलणारा, कानावर पेन्सिल खोचलेला माणूस. आमची पाळी आली तशी मी पुढे झाले आणि सुरू झाले: परत येत नाही, मधे अडकतं, मला वाटतं कॉलममध्ये, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यात, खाली दोष असावा.

त्यानं मला हातानं थांबवलं. "यारु ओडिसोदु?" गाडी कोण चालवतं?

मी आईकडे बोट दाखवलं.

"मग नीवु सुम्ने इरी," तो मला म्हणाला. तुम्ही गप्प बसा. आणि आईकडे वळून, "हेळी अम्मा." सांगा.

नंतर मला कळलं की ही त्याची पद्धतच आहे. तो गाडीची तक्रार फक्त चालवणाऱ्याच्या तोंडून ऐकतो. मालक, मुलगा, नवरा कुणीही आलं तरी बाहेरच्या बाकावर बसवतो. मीही बसले बाकावर. आई कन्नडमधून त्याला सांगत होती आणि तो मान हलवत, एक शब्द न तोडता ऐकत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. उगादीपासून कुणी तिचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं. मला बाकावर बसून लाज वाटत होती आणि तरीही पाय हलायचे थांबत नव्हते.

मग त्यानं गाडीचं पुढचं अंग जॅकवर चढवलं. दोन्ही चाकं अधांतरी झाली. आईला स्टिअरिंगवर बसवून म्हणाला, "कण्णु मुच्ची." डोळे मिटा. स्टिअरिंग अगदी हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि जिथं अडकल्यासारखं वाटेल तिथं 'इल्ली', म्हणजे इथं, म्हणायचं. खूण करायला त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पण काळ्या स्टिअरिंगवर ती उमटेना. आईनं डोळे मिटलेलेच ठेवून पर्स उघडली आणि चाचपडून एक पांढरा खडू काढून त्याला दिला.

मी बाकावरून उठून खिडकीपाशी आले होते. कुणी मला परत बस म्हणालं नाही.

आई फिरवत होती. "इल्ली." स्टिअरिंगचा जो भाग त्या क्षणी सगळ्यात वर होता, तिथं त्यानं खडूनं रेघ ओढली. आणखी फिरवलं. "इल्ली." रेघ. "इल्ली." प्रत्येक वेळी ती किंचित थांबायची, तिचे खांदे जरा उचलले जायचे, मग 'इल्ली' यायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सात वेळा म्हणाली. मग त्यानं तिला डोळे उघडायला सांगितलं.

आम्ही तिघंही स्टिअरिंगकडे बघत होतो. रेघा सात, पण सात ठिकाणी नाहीत. सगळ्या दोनच ठिकाणी पडलेल्या, एकीवर एक. स्टिअरिंग घड्याळ धरलं तर एक झुपका साडेदहावर आणि दुसरा साडेचारवर.

आईनं दोन्ही झुपक्यांवर एकेक बोट ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शाळेत असताना पाहिलं होतं, एखादं अवघड गणित सुटताना. "समोरासमोर," ती म्हणाली. "एकशे ऐंशी अंश." मग माझ्याकडे बघून मराठीत, "अगं, म्हातारपण असं अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं येतं का?"

मी गाडीत अर्धी घुसले. पिशवीतला दोरा काढून एका झुपक्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणला. तो हॉर्नच्या बरोबर मधून गेला. बरोबर मधून. मला नाचावंसं वाटत होतं. माणसाचा हात चुकला तर कुठंही चुकतो. इतकं नियमित फक्त यंत्रच चुकतं. हे तर माझंच वाक्य, मी कारखान्यात रोज म्हणते.

गॅरेजवाला एवढंच म्हणाला, "बिच्चोण." उघडूया.

त्यानं आधी बॅटरीची वायर काढली. मग हॉर्नचं झाकण उचकटलं. आत मधोमध एक मोठा नट. तो पान्यानं सैल केला, पण पूर्ण काढला नाही. शेवटच्या दोन आट्यांवर तसाच ठेवला. का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, स्टिअरिंग घट्ट बसलेलं असतं, ओढता ओढता एकदम सुटतं आणि नट नसेल तर ओढणाऱ्याचं तोंड फुटतं. मग खडूनंच दांड्यावर आणि स्टिअरिंगवर मिळून एक रेघ मारली, परत लावताना जुळावी म्हणून. "ओढा," मला म्हणाला. मी आईच्या जागी बसून दोन्ही हातांनी धरून हलवत ओढलं. काही नाही. परत ओढलं. टक्क करून ते सुटलं आणि नटावर आपटून थांबलं. नट नसता तर माझे पुढचे दोन दात त्या दिवशी पडलेच होते. मला इतकं हसू आलं की बाकीची रांगही आमच्याकडे बघायला लागली.

नट काढून स्टिअरिंग बाहेर घेतलं आणि त्याच्या खालचं, लाइट-वायपरच्या दांड्यांभोवतीचं कव्हर उघडलं. उघडलं आणि दारातून वाकून बघणाऱ्या आईच्या साडीवर अक्षता सांडल्या.

अक्षताच. मूठभर. हळद लागलेल्या, काही पिवळ्या, काही काळ्या पडलेल्या. त्यांच्याबरोबर शेवंतीच्या वाळक्या पाकळ्या, कापराचा चुरा आणि कुंकू. हॉर्नच्या पितळी कड्यावर तर कुंकवाचा थर बसून घट्ट पापुद्रा झाला होता. गेली दोन वर्षं आमचा हॉर्न मनात आलं तर वाजायचा, नाही तर नाही, त्याचं कारण हे. दरवर्षी आयुधपूजेला आई स्टिअरिंगवर हळद-कुंकू वाहते, फूल ठेवते आणि वरून अक्षता टाकते. त्या जातात कुठे, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कधी पडला नव्हता.

"अय्यो," आई म्हणाली. ती खरंच ओशाळली होती.

गॅरेजवाला पहिल्यांदाच हसला. म्हणाला, अम्मा, या गावात मी जी गाडी उघडतो तिच्यात हेच निघतं. एकदा तर पुरं लिंबू निघालं होतं. त्यानं ब्रशनं सगळं एका कागदावर गोळा केलं आणि पुडी बांधून आईला दिली. देवाचं आहे, झाडाच्या मुळाशी घाला. मग पितळी कडं घासून लख्ख केलं.

पण अडकणं इथं नव्हतं. ते खाली होतं. स्टिअरिंगचा दांडा खाली पेडलपाशी येतो आणि तिथं तो वाकडा होऊन चाकांकडे जातो. जिथं वाकतो तिथं एक सांधा असतो, कोपरासारखा. गॅरेजमध्ये त्याला नुसतंच जॉइंट म्हणतात. गॅरेजवाला पाठीवर झोपून, डोकं पेडलखाली घालून आत गेला. मला राहवेना. मीही दुसऱ्या बाजूनं टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसले आणि डोकं आत घातलं. वरचा बोल्ट सुटला. खालचा गंजलेला, तो सुटेना. त्यानं तेल मारलं, थांबला, पाना लावून हातोडीनं हलकेच ठोकलं, परत तेल मारलं. शेवटी कर्र आवाज करत बोल्ट फिरला आणि तो जॉइंट त्याच्या तळहातावर पडला.

बाहेर आल्यावर त्यानं तो आधी आईच्या हातात दिला. माझ्या नाही. "वाकवा," म्हणाला.

एका दिशेनं तो लगेच वाकला, अगदी लोण्यासारखा. दुसऱ्या दिशेनं हललाच नाही. आईनं जोर लावला तेव्हा कडकन एवढासा सरकला आणि परत अडकला. तिनं परत वाकवला. परत तेच. मग माझ्या हातात दिला. अंगठ्यांना तो धक्का स्पष्ट लागत होता: अडक, सुट, अडक. म्हणजे स्टिअरिंग दर अर्ध्या फेऱ्याला इथं अडायचं, वळण संपलं तरी सरळ व्हायचं नाही, आणि गाडी सरळ ठेवायची तर चालवणाऱ्याला सारखं डावं-उजवं करत राहावं लागायचं. व्हिडिओत दिसत होतं ते हेच. ती थरथर नव्हती. एवढ्या बिघडलेल्या गाडीला ती महिनोन् महिने पन्नासेक किलोमीटर सरळ नेत होती आणि सरळ आणत होती. अंगण खरंच वाकडं होतं आणि आई त्यावर व्यवस्थित नाचत होती.

मी टाळी वाजवली. चक्क गॅरेजमध्ये, ग्रीसच्या हातांनी. आईला मिठी मारली तर तिच्या पदरावर माझी पाच काळी बोटं उमटली. ती म्हणाली, "सोड गं, लोक बघतायत," पण सोडवून घेतलं नाही.

तेवढ्यात गॅरेजवाल्यानं पेडलखालची चटई उचलली. खालचा पत्रा तांबूस झाला होता आणि त्यावर पाण्याच्या वाळलेल्या रेघा होत्या, एकावर एक. त्यानं त्यावर बोट फिरवलं, वास घेतला आणि विचारलं, "इल्लि नीरु यारु हाकतारे?" इथं पाणी कोण घालतं?

आई चटकन म्हणाली, "हुणसूरचा पाऊस. दार उघडताना येतो आत."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

आमच्या घरात आयुधपूजेची कामं वाटलेली आहेत. पूजा आईची, आंघोळ माझी. गाडीची आंघोळ. आणि मी कुठलंही काम अर्धवट करत नाही. बाहेरून साबण, आणि मग दार उघडून पाइप आत. पेडलच्या मागे, चटईच्या खाली, जोरात, स्वच्छ पाणी येईपर्यंत. आयुधपूजेला, उगादीला आणि मधे मनात येईल तेव्हा. मग काचा बंद करून गाडी आंब्याच्या सावलीत. शेजारणी म्हणायच्या, मुलगी बघा गाडी कशी आतून धुते. मला त्याचा अभिमान वाटायचा. आईला हे सगळं माहीत होतं. जॉइंट हातात घेतल्याक्षणीच तिच्या लक्षात आलं असणार, आणि तरी ती पावसावर ढकलून मोकळी झाली होती. मी मात्र 'हो, खरंय' हे दोन शब्द लिहिताना तिच्यासाठी क्षणभरही थांबले नव्हते.

"पाऊस नाही," मी गॅरेजवाल्याला म्हणाले. "मी घालते. पाइपनं."

त्यानं माझ्याकडे, मग आईकडे बघितलं. डोक्यावरून हात फिरवला. "मेडम," तो म्हणाला, "पुढच्या वेळी ओलं फडकं."

अक्षतांची पुडी आईनं पर्समध्ये ठेवली.

त्याच्याकडे नवा जॉइंट नव्हता. त्याचा माणूस संध्याकाळी गावात जाणार, मग आणणार. मी कशाची थांबते. शुक्रवारी कारखान्यापाशीच ठेवलेली स्कूटर आणली, जुना जॉइंट वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला आणि गावात निघाले. देवराज मोहल्ल्यात दसऱ्याची ही गर्दी; झेंडूच्या आणि शेवंतीच्या ढिगांमधून स्कूटर ढकलत नेली. स्पेअर पार्टच्या दुकानात नवा जॉइंट मिळाला तेव्हा मी पिशवीतून माझं मोजमापाचं कॅलिपर काढलं आणि जुन्याशी लांबी, भोक, दाते सगळं ताडून बघितलं. दुकानदार म्हणाला, "मेडम, मुलगा बघायला आलात की काय." मी म्हटलं, त्याहून मोठं काम आहे. नवा जॉइंट दोन्ही दिशांनी वाकवून बघत बघतच मी परत आले, प्रत्येक सिग्नलला पिशवीत हात घालून. सिग्नल हिरवा झाल्याचं मागच्यांना दोनदा सांगावं लागलं.

परत येईपर्यंत गॅरेजवाल्यानं दांड्याचं वरचं झिजलेलं बूशही बदललं होतं आणि इग्निशनचं कुलूप साफ करून ठेवलं होतं. नवा जॉइंट बसला, बोल्ट कसले. स्टिअरिंग मी लावते म्हणाले. लावलं, नट बसवला, आणि चाकं सरळ असताना स्टिअरिंग तिरपं दिसायला लागलं. घाईत एक दाता पुढे बसवलं होतं. त्यानं बोटानं खडूची रेघ दाखवली. दांड्यावरची एकीकडे, स्टिअरिंगवरची दुसरीकडे. काढून परत लावलं. या वेळी रेघेला रेघ लागली. आई मागून म्हणाली, "उत्तर बरोबर, रीत चुकली." कित्येक आठवड्यांनी तिनं मला चिडवलं होतं. मला फार बरं वाटलं.

मग आई स्टिअरिंगवर, गॅरेजवाला शेजारी, मी मागे. धरणाच्या रस्त्याला गाडी हळूच लागली. एक वळण घेऊन झाल्यावर तो म्हणाला, "कै बिडी." हात सोडा. आईनं हात किंचित उचलले. स्टिअरिंग तिच्या बोटांखालून आपोआप फिरलं आणि सरळ येऊन थांबलं. आईनं हुं केलं. परत एक वळण. परत आपोआप सरळ. तिच्या गालांवर लाली आली होती. परत गॅरेजला येऊन तो उतरला, आणि जाता जाता तिला म्हणाला, अम्मा, एवढी खराब गाडी चालवत होतात, आता ही झोपेत चालेल, पण झोपू नका.

आम्ही निघालो. थोडं पुढे गेल्यावर एका मोठ्या झाडाखाली आईनं गाडी बाजूला घेतली. रिकामा, सरळ रस्ता समोर होता.

"मागे नको बसूस," ती म्हणाली. "पुढे ये. अण्णा बसला होता तिथं."

मी पुढे आले.

"एक विचारू? ते 'हो, खरंय' तू गाडी बघून लिहिलं होतंस की न बघता?"

"न बघता," मी म्हणाले. "चुकलं माझं, आई. फार चुकलं. तीन वेळा म्हणालीस, चालवून बघ म्हणून."

"चार वेळा," ती म्हणाली. मग आरसा नीट केला, पट्टा बघितला. "फोन काढ. आता तू घे व्हिडिओ. हातांचाच घे."

ती चालवत होती आणि मी व्हिडिओ घेत होते. सरळ रस्ता, दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि ते हलत नव्हते. एक वळण आलं, हात गेले, परत आले आणि स्थिर झाले. खडूच्या रेघा अजून पुसलेल्या नव्हत्या. साडेदहाच्या जागी तिचं डावं बोट होतं. मला समोरचं धूसर दिसायला लागलं होतं, तरी मी फोन धरून ठेवला.

पुढच्या थांब्यापाशी तिनं गाडी परत बाजूला घेतली. मी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: जॉइंट गंजला होता. गंज मी पाणी मारून मारून आणलेला आहे. आईचा दोष नाही. माझं वरचं वाक्य चूक आहे.

दोन मिनिटांत अण्णाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"बघितला," तो म्हणाला. "स्टिअरिंग सरळ आहे खरं. पण सगळा व्हिडिओ एवढा का हलतोय? हात कुणाचा थरथरतोय?"

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"तिचा," आई म्हणाली. "फोन तिच्या हातात आहे."

मग अण्णानं हळूच विचारलं, "आणि त्या गिऱ्हाइकाला काय सांगू? गाडी बघायला कधी ये म्हणू?"

आईनं आरशात मागचा रस्ता बघितला आणि इंडिकेटर लावला.

"कधीही येऊ दे," ती म्हणाली. "फक्त गुरुवारी नको. गुरुवारी मी गाडी घेऊन हुणसूरला असते."